गरोदरपणातल्या तपासण्या आणि भरपगारी रजा : कोणती रजा, कधी, कशी मागायची

साखरेची तपासणी होती. चोविसावा आठवडा. सकाळी ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं, एवढंच काम. मी लॅबच्या बाकावर बसून दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. साडेअकराला कामावर पोचले तेव्हा मस्टरवर माझ्या नावापुढे लाल रेघ पडली होती आणि महिनाअखेरीस अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. त्या दिवशी माझ्या खात्यावर सहा किरकोळ रजा शिल्लक होत्या. मी त्या मागितल्याच नव्हत्या. पुढे बाळंतपणाची मोठी रजा घ्यायचीच आहे, आता आणखी कशाला तोंड उघडायचं, ही भीड. डिसेंबर संपला आणि त्या सहाही रजा बाद झाल्या.

नंतर बरीच वर्षं मी हजेरी आणि पगाराचंच काम केलं. टेबलाच्या पलीकडे बसून बायकांचे अर्ज वाचले. माझीच चूक वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हस्ताक्षरांत समोर येत राहिली. कुणी तपासणीसाठी बिनपगारी रजा घेतलेली, कुणी सोनोग्राफीसाठी बाळंतपणाची रजा दोन महिने आधीच सुरू केलेली, कुणी रक्तस्राव होत असताना ‘ताप आहे’ असं लिहून दिलेलं. म्हणून हा लेख. त्यातली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: प्रसूतीची तारीख कळली की त्याच आठवड्यात सगळ्या तपासण्या कॅलेंडरवर मांडा, आणि बाळंतपणाच्या २६ आठवड्यांना तपासण्यांसाठी हात लावू नका. त्यासाठी दुसऱ्या रजा आहेत.

कायद्यात काय आहे, काय नाही

आधी कटू भाग. खासगी नोकरीतल्या गरोदर बाईला नियमित तपासणीसाठी इतके तास भरपगारी मिळतील, असं स्वतंत्र कलम आपल्या केंद्रीय कायद्यात नाही. ब्रिटनमध्ये गरोदर कर्मचाऱ्याला तपासणीसाठी कामाच्या वेळेत पगारी सवलत मिळते. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने १ जानेवारी २०२५ पासून खासगी नोकरीतल्या गरोदर बायकांना ५२ आठवड्यांत २० तासांची वेगळी भरपगारी रजा दिली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या शिफारशीतही, मालकाला कळवून तपासणीसाठी कामाची जागा सोडता यावी, असं म्हटलं आहे. आपल्याकडे ही फट अजून बुजलेली नाही, आणि मला ती मनापासून खटकते. कारण आपण या वाटेवर फार लवकर निघालो होतो. मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा १९२९चा. त्याच्या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, तेव्हा मातेला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली होती. ‘आधी’ हा शब्द तेव्हापासून आहे.

आज जे हातात आहे ते असं. १९६१चा प्रसूती लाभ अधिनियम २०१७ साली सुधारला आणि रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि प्रसूती लाभाच्या तरतुदी तिच्यात आल्या. आकडे बदललेले नाहीत. खाली मी जुन्या कायद्याची कलमं सांगते, कारण कार्यालयांत अजून तीच तोंडात बसलेली आहेत. अर्ज लिहिताना मात्र नाव संहितेचं घाला.

पहिली पायरी : तुमचे पैसे कोण देणार?

हे ठरल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही. सॅलरी स्लिप काढा आणि त्यात ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात दिसते का ते बघा.

कपात होत असेल, म्हणजे महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कामाची जागा ईएसआयखाली येत असेल, तर बाळंतपणाच्या रजेचे पैसे कंपनी देत नाही, कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं. अपंगत्व असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. लाभ २६ आठवडे, सरासरी रोजच्या वेतनाच्या शंभर टक्के दराने. अट अशी, की आधीच्या लागोपाठच्या दोन अंशदान कालावधींत मिळून निदान ७० दिवसांचं अंशदान, म्हणजे विम्याची वर्गणी, भरलेलं असावं. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. ईएसआयमध्ये असाल तर पहिल्या महिन्यापासून एक काळजी घ्या: तपासण्या खासगी दवाखान्यात केल्या तरी ईएसआयच्या दवाखान्यात नोंदणी करून ठेवा. दाखले तिथूनच लागतात. सातव्या महिन्यात पहिल्यांदा तिथे गेलेल्या बायकांची जी धावपळ होते, ती मी पाहिली आहे.

कपात होत नसेल आणि तुमच्या आस्थापनेत दहा किंवा जास्त माणसं असतील, तर पैसे मालकाने द्यायचे. इथे अट ८० दिवसांची. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत निदान ८० दिवस काम केलेलं असलं पाहिजे. पगारी सुट्ट्या आणि ले-ऑफचे, म्हणजे काम नाही म्हणून मालकाने घरी बसवलेले, दिवस या ८०मध्ये धरले जातात. आठवड्याला सहा दिवस काम असेल तर सव्वातीन महिन्यांत ही अट पुरी होते. म्हणजे नोकरीला लागून सहाच महिने झाले, प्रोबेशन आहे, कायम केलेलं नाही, कंत्राटदारामार्फत आहे, यातलं एकही कारण चालत नाही. कायद्यात ‘थेट किंवा कोणत्याही एजन्सीमार्फत’ नेमलेली स्त्री, असाच शब्द आहे. रोजंदारीवरच्या, मस्टरवरच्या बायकांनाही हा लाभ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं. कंत्राटाची मुदत रजेच्या मध्येच संपत असली तरी लाभ पूर्ण काळाचा द्यावा लागतो, हे २०२३ साली सांगितलं.

सरकारी नोकरीत नियम वेगळे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना दोनपेक्षा कमी हयात मुलं असताना १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. गर्भपातासाठी संपूर्ण सेवेत मिळून ४५ दिवस आहेत. मूल मृत जन्मलं किंवा जन्मानंतर लगेच दगावलं तर ६० दिवसांची विशेष रजा आहे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतही प्रसूती रजा १८० दिवसांची आहे. सरकारी नोकरीत रजांचे प्रकार भरपूर असल्यामुळे तपासण्यांचा प्रश्न सहसा किरकोळ रजेत सुटतो. म्हणून यापुढे मी खासगी नोकरीबद्दलच लिहिते, कारण अडचण तिथे आहे.

दुसरी पायरी : तारखा मांडा

उदाहरण धरून चालू. समजा प्रसूतीची अपेक्षित तारीख १० मार्च आहे, म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस ३ जून. एक कोरा कागद घ्या.

तपासण्यांचा साधारण क्रम असा असतो: २८ आठवड्यांपर्यंत महिन्यातून एकदा, २८ ते ३६ आठवड्यांत पंधरा दिवसांनी, आणि त्यानंतर दर आठवड्याला. रक्तदाब, साखर, थायरॉइड असं काही असेल तर जास्त वेळा. यात काही तपासण्या पुढे ढकलता येत नाहीत, त्यांच्यावर आधी खूण करा. पहिली महत्त्वाची सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांच्या मधे होते. आपल्या उदाहरणात १२ आठवडे २६ ऑगस्टला पूर्ण होतात. बाळाचे अवयव बघायची मोठी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांच्या आसपास, म्हणजे २१ ऑक्टोबरच्या आधी. साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत, म्हणजे १८ नोव्हेंबर ते १६ डिसेंबर.

आता तास मोजा. नुसत्या रक्तदाब-वजनाच्या तपासणीला दवाखान्याच्या रांगेसकट दोन-तीन तास. मोठ्या सोनोग्राफीला अर्धा दिवस धरा. बाळ नीट स्थितीत नसेल तर चालून या, काही खाऊन या म्हणतात आणि वेळ वाढतो. साखरेच्या तपासणीला दोन तास नुसतं बसावं लागतं, त्यात काहींना ते पाणी प्यायल्यावर मळमळतं. त्या दिवशी पुढे काम करायचा हट्ट धरू नका, असं मी अनुभवाने सांगते.

आठव्या आठवड्यापासून धरलं तर सुरळीत गरोदरपणात, कामावर असेपर्यंत, साधारण दहा तपासण्या होतात. दहा वेळा अर्धा दिवस म्हणजे पाच दिवस. हा आकडा कागदावर दिसला की बाईचाही जीव भांड्यात पडतो आणि साहेबाचाही. दोघांच्या मनात ती सारखी रजेवर असणार अशी धास्ती असते, आणि प्रत्यक्षात हिशोब पाच-सहा दिवसांचा निघतो.

तिसरी पायरी : कुठली रजा आधी खर्च करायची

सगळ्यात आधी तपासणीची वेळ बदलून बघा. सकाळी लवकरची किंवा संध्याकाळची वेळ मिळाली आणि कार्यालयाने उशिरा येण्याची किंवा लवकर जाण्याची सवलत दिली, तर रजा वाचते. पण ही सवलत ईमेलवर लेखी घ्या. तोंडी परवानगी देणारा अधिकारी बदलला की लाल रेघ परत येते.

त्यानंतर किरकोळ रजा. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे. ती तिमाहीप्रमाणे खात्यावर जमा होते आणि वर्षअखेर बाद होते. या दोन्ही गोष्टी नियोजनात धरा. आपल्या उदाहरणातलं गरोदरपण दोन कॅलेंडर वर्षांत पसरलं आहे. म्हणून जून ते डिसेंबरच्या तपासण्या चालू वर्षाच्या किरकोळ रजेतून भागवायच्या आणि जानेवारीच्या नव्या वर्षाच्या रजेतून. डिसेंबरमध्ये रजा शिल्लक ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. कंपनीच्या नियमात आजारपणाची वेगळी रजा असेल तर तीही याच वेळी वापरा.

अर्जित रजा मात्र राखून ठेवा. ती वर्षअखेर बाद होत नाही, साठते, दुकाने अधिनियमात ४५ दिवसांपर्यंत. बाळ पाच-सहा महिन्यांचं झाल्यावर, लसीकरणाच्या दिवशी, पाळणाघर बंद असल्यावर, तीच कामी येते. अर्जित रजा गरोदरपणातच संपवून पुढे बिनपगारी राहिलेल्या बायका मी इतक्या पाहिल्या आहेत, की हे सांगताना माझा आवाज चढतो.

आता ती रजा, जी कायद्यात आहे पण कुणी मागत नाही. जुन्या कायद्याचं कलम १०. गरोदरपण, प्रसूती, वेळेआधी झालेला जन्म किंवा गर्भपात यांतून आजारपण उद्भवलं, तर नेहमीच्या २६ आठवड्यांशिवाय आणखी जास्तीत जास्त एक महिन्याची रजा, प्रसूती लाभाच्याच दराने. ‘शिवाय’ या शब्दाखाली रेघ मारा. तिसऱ्या महिन्यात पोटात पाण्याचा थेंब टिकत नाही आणि सलाइन लावावं लागतं, पाचव्या महिन्यात रक्तस्राव होतो आणि डॉक्टर झोपून राहायला सांगतात, सातव्या महिन्यात रक्तदाब चढतो, हे सगळं गरोदरपणातून आलेलं आजारपणच आहे. अशा वेळी मनुष्यबळ विभागाकडून बहुतेकदा सल्ला येतो, की बाळंतपणाची रजा आत्ताच सुरू करा. तो ऐकू नका. एक तर प्रसूतीच्या आठ आठवड्यांआधी ती सुरू होऊच शकत नाही, आणि त्या आठ आठवड्यांतही लवकर सुरू केली तर बाळाबरोबरचे दिवस कमी होतात. कलम १०ची रजा मागा. ईएसआयमध्येही अशीच एक महिन्याची जादा तरतूद आहे.

मात्र प्रामाणिकपणे हेही सांगते, की सगळं ठीक असताना होणारी महिन्याची तपासणी या कलमात बसत नाही. ती ओढूनताणून बसवू नका. खरी गरज पडेल तेव्हा हा महिना पूर्ण शिल्लक हवा.

डॉक्टरांचा दाखला

सगळा अर्ज इथे अडतो. ‘पेशंटला सात दिवस विश्रांतीचा सल्ला’ एवढंच लिहिलेला दाखला साध्या आजारपणाचा ठरतो आणि रजा साध्या खात्यातून वजा होते. दाखल्यात तीन गोष्टी असू द्या: आजार गरोदरपणामुळे उद्भवलेला आहे हे स्पष्ट शब्दांत, विश्रांतीच्या दोन्ही तारखा, आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख. डॉक्टर घाईत असतात, म्हणून मजकूर तुम्हीच लिहून न्या:

‘सदर रुग्ण गरोदर असून प्रसूतीची अपेक्षित तारीख १० मार्च आहे. गरोदरपणामुळे उद्भवलेल्या आजारासाठी तिला दिनांक … ते … पूर्ण विश्रांतीची वैद्यकीय गरज आहे.’

त्याखाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक.

साध्या तपासणीसाठी एवढं लागत नाही. ‘अमुक तारखेला, या वेळेत तपासणीसाठी हजर होत्या’ अशी दोन ओळींची चिठ्ठी पुरते. सोनोग्राफीचे, रक्ताचे अहवाल कार्यालयात देऊ नका. मागितले तरी नम्रपणे सांगा, की हजेरीची चिठ्ठी आणि डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तुमच्या शरीराचे आकडे हजेरीच्या फायलीत लागायचं काही कारण नाही. मी स्वतः ती फाइल सांभाळली आहे आणि ती किती जणांच्या हातांतून जाते हे मला माहीत आहे.

चौथी पायरी : कार्यालयाला सांगणं

कधी सांगायचं? तिसरा महिना भरेपर्यंत थांबायची आपली रीत आहे आणि तिला मी नावं ठेवणार नाही. पण तुमचं काम उभं राहून करायचं असेल, रसायनांजवळ, क्ष-किरणांजवळ किंवा रात्रपाळीचं असेल, तर कळल्याबरोबर सांगा. बाकीच्यांनी पहिल्या मोठ्या सोनोग्राफीनंतर सांगितलं तरी चालतं. आधी वरिष्ठांशी समोरासमोर बोला आणि त्याच दिवशी लेखी द्या. बोलणं माणुसकीसाठी, कागद पुराव्यासाठी. दोन्हींची गरज आहे.

पत्राचा नमुना देते. तपशील तुमचे घाला.

‘प्रति,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग

विषय : गरोदरपणातील तपासण्या व रजेबाबत

महोदय/महोदया,

मी गरोदर असून प्रसूतीची अपेक्षित तारीख १० मार्च आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्यांच्या तारखा खाली दिल्या आहेत. त्या दिवशी मला अर्धा दिवस रजा लागेल. ती माझ्या शिल्लक किरकोळ रजेतून मंजूर करावी. तारीख बदलल्यास किमान दोन दिवस आधी कळवीन.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अन्वये मिळणारी प्रसूती रजा व लाभ यांसाठीची सूचना मी विहित नमुन्यात स्वतंत्रपणे देईन. माझ्या पात्रतेचा व शिल्लक रजांचा तपशील लेखी कळवावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही, नाव, कर्मचारी क्रमांक, दिनांक)’

शेवटची ओळ मुद्दाम घातली आहे. नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक बाईला हे लाभ लेखी आणि ईमेलने कळवणं हे २०१७च्या सुधारणेपासून आस्थापनेचं कायदेशीर काम आहे. बहुतेक ठिकाणी ते झालेलं नसतं. तुम्ही विचारलं की त्यांना फाइल काढावी लागते.

पत्राच्या दोन प्रती करा आणि एकीवर आवक शिक्का किंवा सही-तारखेची पोच घ्या. पोच देत नसतील तर तेच पत्र ईमेल करा, आणि ईमेलची प्रत घरच्या पत्त्यावरही ठेवा. नोकरी गेली की कार्यालयाच्या ईमेलचं दार त्याच दिवशी बंद होतं.

पाचवी पायरी : बाळंतपणाची रजा कधी सुरू करायची

पहिल्या दोन हयात मुलांपर्यंत २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त आठ प्रसूतीआधी. दोन किंवा जास्त मुलं हयात असताना १२ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त सहा आधी. आपल्या उदाहरणात १० मार्चच्या आधीचे आठ आठवडे म्हणजे १३ जानेवारी. त्या दिवसापासून घरी बसलात तर बाळाबरोबर १८ आठवडे उरतात. दोन आठवडे आधी बसलात तर २४. तब्येत साथ देत असेल, प्रवास जवळचा असेल, तर मी उशिरा सुरू करा म्हणेन. लोकलच्या गर्दीतून रोज दीड तास जात असाल तर हा हिशोब बाजूला ठेवा आणि आधी घरी बसा.

उशिरापर्यंत काम करणार असाल तर आणखी एक तरतूद हाताशी ठेवा. प्रसूतीआधीच्या सहा आठवड्यांच्या मागचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांत रजा घेतलेली नसेल तर तेही दिवस, तुम्ही मागणी केलीत तर जड काम किंवा तासन्तास उभं राहायचं काम देता येत नाही. आपल्या उदाहरणात २७ डिसेंबरपासून. मागणी लेखी करा. हलकं काम दिलं म्हणून पगार कापता येत नाही. कापड दुकानात, गिरणीत, रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी ही तरतूद सोन्यासारखी आहे.

पैशांचा हिशोब रजेच्या आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजच्या वेतनावर होतो. इथे तपासणीच्या रजेचा धागा परत येतो: त्या तीन महिन्यांत बिनपगारी दिवस आले तर हिशोबावरून वाद निघतात. म्हणून शेवटच्या तिमाहीत तरी एकही तपासणी बिनपगारी जाऊ देऊ नका. रविवारचेही पैसे मिळतात. आठवडा म्हणजे सात दिवस, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच स्पष्ट केलं आहे, त्यामुळे २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. कंपनी नुसत्या बेसिकवर, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगारावर, हिशोब करत असेल तर थांबवा. नव्या संहितेत भत्त्यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांच्या वर गेला तर वरची रक्कम वेतनात धरावी लागते.

प्रसूतीआधीच्या काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ मिळायला हवी, आणि उरलेली प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. मालकाने प्रसूतीआधीची आणि नंतरची वैद्यकीय सेवा मोफत पुरवली नसेल तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनस वेगळा आहे. रक्कम छोटी आहे, पण प्रसूती रजेच्या सूचनापत्रात तिचा उल्लेख करा, न मागता ती क्वचितच मिळते. या पत्रात पैसे कुणाकडे द्यावेत त्या व्यक्तीचं नावही लिहायचं असतं. सूचना द्यायची राहून गेली तर प्रसूतीनंतर लवकरात लवकर द्या. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही.

गर्भ राहिला नाही तर

याबद्दल कार्यालयात कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिते. गर्भपात झाला किंवा वैद्यकीय कारणाने करावा लागला, तर त्या दिवसानंतर लगेच सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे. त्या सहा आठवड्यांत मालकाने तुम्हाला कामावर घ्यायचंही नाही. त्यातून पुढे आजारपण आलं तर वर सांगितलेला एक महिना आणखी. बाई चौथ्या दिवशी कामावर येते आणि पोटदुखी म्हणून दोन किरकोळ रजा लिहून देते, हे मी पाहिलं आहे. त्या अवस्थेत तिने अर्ज लिहावा अशी अपेक्षा करू नका. नवऱ्याने, बहिणीने, मैत्रिणीने दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड घेऊन तिच्या वतीने ईमेल करावा. दोन ओळी पुरतात आणि कारण फक्त मनुष्यबळ विभागाच्या एका व्यक्तीलाच कळवावं.

नकार आला तर

नकार लेखी मागा. ‘आज तोंडी सांगितल्याप्रमाणे रजा नामंजूर झाली आहे, कृपया कारण लेखी कळवावे’ एवढा ईमेल केला की निम्मे नकार तिथेच विरघळतात. नकार देणाऱ्या माणसाला बहुतेकदा कायदा माहीत नसतो, वाईटपणा नसतो.

राजीनामा लिहून देऊ नका. ‘आता घरी आराम करा, नंतर परत घेऊ’ असं गोड बोलून मागितला तरी नाही. प्रसूती रजेच्या काळात कामावरून काढणं किंवा सेवाशर्ती तुमच्या तोट्याच्या करणं बेकायदा आहे. गरोदर असताना काढून टाकलं तरीही, गंभीर गैरवर्तनाचं ठरलेलं कारण लेखी दिलेलं नसेल तर, लाभाचा हक्क राहतो. अशा आदेशाविरुद्ध ६० दिवसांच्या आत अपील करता येतं. हे ६० दिवस रडण्यात आणि समजूत घालण्यात भुर्रकन निघून जातात, म्हणून आदेशाची तारीख भिंतीवर लिहा.

तक्रार जिल्ह्याच्या कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात करायची. कारखान्यात असाल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, ईएसआयचे पैसे अडले असतील तर महामंडळाच्या शाखा कार्यालयात. बरोबर न्यायचं ते: नेमणूकपत्र किंवा ओळखपत्र, शेवटच्या चार महिन्यांच्या सॅलरी स्लिपा किंवा बँकेचं पासबुक, डॉक्टरांचा दाखला, पोच असलेलं पत्र आणि नकाराचा ईमेल. वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदत मिळते. फोन १५१००.

दहापेक्षा कमी माणसं, किंवा घरकाम

इथे वरचा बहुतेक भाग लागू होत नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण गरज इथेच जास्त आहे. तरी दोन आधार आहेत. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. नोंदणी अंगणवाडी किंवा आशा ताईंकडे. त्यांच्याकडून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. त्यावर प्रत्येक तपासणीची तारीख लिहिली जाते आणि मालकाला दाखवायला तोच तुमचा पुरावा.

दुसरा आधार महिन्याच्या ९ तारखेचा. २०१६ पासून सरकारी आरोग्य केंद्रांत त्या दिवशी चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. ९ तारखेला रविवार किंवा सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. ज्या घरी काम करता तिथे पहिल्या तारखेलाच पगार घेताना सांगून ठेवा: ‘ताई, ९ तारखेला मी येणार नाही, दवाखान्यात तपासणी आहे, त्या दिवसाचे पैसे कापू नका.’ आणि लेख वाचणारी तुम्ही त्या घरची ताई असाल, तर तिने सांगायची वाट न बघता कॅलेंडरवर ती तारीख तुम्हीच गोल करून ठेवा.